निवृत्त माणसाचा घरखर्च : मगनवाडी ते सेवाग्राम

१/ ऑक्टोबर १९३४. मुंबईच्या अधिवेशनानंतर गांधीजी काँग्रेसच्या सदस्यत्वातूनही मोकळे झाले. वय ६५. साबरमतीचा आश्रम त्यांनी १९३३ मध्येच विसर्जित केला होता. पद नाही, घर नाही, भोवती मात्र मोठा गोतावळा. या निवृत्त माणसाचा संसार वर्ध्यात कसा चालला, त्याची ही हकीकत.

२/ वर्ध्याला येण्याचा आग्रह जमनालाल बजाज यांचा. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याला जमनालालजींनी आपली बाग आणि त्यातील घर देऊन टाकले. दिवंगत मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेचे नाव मगनवाडी पडले. संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पांकडे आला. लंडनला शिकलेला हा हिशेबतपासनीस आता घाणी, चक्की आणि उखळ यांचा जमाखर्च मांडू लागला.

३/ काटकसर सुरू झाली ती स्वयंपाकघरातून, आणि ते स्वाभाविकच होते. घर एकदाच बांधावे लागते, चूल मात्र रोज पेटते. गिरणीत सडलेल्या तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ, साखरेऐवजी गूळ, घाणीचे तेल, जात्यावरचे पीठ. सोयाबीन, चिंच आणि कच्चा पाला यांवरही १९३५ मध्ये प्रयोग झाले आणि त्यांची माहिती ‘हरिजन’मध्ये छापून आली. रोख केवळ ‘कमी खा’ असा नव्हता. त्याच पैशात शरीराला अधिक काय मिळते, हा प्रश्न होता. कोंडा काढून टाकण्यासाठी गिरणीला पैसे मोजायचे आणि पोषणही गमवायचे, हा त्यांच्या मते दुहेरी तोटा होता.

४/ पुढे मगनवाडीही त्यांना मोठी वाटू लागली. मार्च १९३६ मध्ये त्यांनी जमनालालजींना आपली इच्छा लिहून कळवली. शेगाव या खेड्यात झोपडीत राहायचे. बा यांची इच्छा असेल तर त्यांच्यासह, नाहीतर एकट्याने. झोपडीवरचा खर्च कोणत्याही परिस्थितीत १०० रुपयांपुढे जाऊ नये. ३० एप्रिलला ते शेगावात पोहोचले.

५/ अंदाजपत्रक येथेच कोसळले. आज ‘आदि निवास’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या त्या पहिल्या घराला सुमारे ५०० रुपये लागले. एकांतही लाभला नाही. त्या एका घरात बा, सहकारी, पाहुणे, सगळेच दाटीने राहू लागले. खान अब्दुल गफार खानही तेथेच उतरले. पुढे गांधीजी ज्या ‘बापू कुटी’त राहायला गेले, ती मुळात मीराबेनची झोपडी होती. कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले, त्यांच्यासाठी वेगळी कुटी उभी राहिली. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी तातडीने बोलता यावे म्हणून टेलिफोन आला. विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावमुळे टपालाचा घोळ होई; म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.

६/ दरडोई खर्च खरोखरच कमी होता, पण डोकी वाढत गेली. निवृत्तीनंतरचा हिशेब बहुतेक घरांत येथेच चुकतो. स्वतःच्या गरजा मोजता येतात, आपल्या आधाराने राहणाऱ्यांच्या मोजता येत नाहीत.

७/ मग तूट कोण भरत होते? शेगावचे मालगुजार जमनालालजीच होते. जमीन त्यांची, अनेक संस्थांमागे पैसा त्यांचा. गांधीजींना गरिबीत ठेवणे फार महाग पडते, अशा अर्थाचा विनोद सरोजिनी नायडूंच्या नावावर सांगितला जातो, तो उगाच नव्हे. तरीही त्याला निव्वळ ढोंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. हातसडीच्या तांदळाचा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात लागू पडत होता. देणगीदाराचा मात्र नव्हता. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी गेले.

८/ ही उणीव विनोबांनी थेट हाताळली. सेवाग्रामपासून काही किलोमीटरवर, धाम नदीकाठच्या पवनारला १९५० मध्ये त्यांनी ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग आरंभला. पैशाची देणगी बंद. प्रथम भाजी बाजारातून आणायची नाही, मग हळूहळू धान्यही. विहीर स्वतः खणली, बैलांशिवाय शेती केली, आणि रहाट फिरवायला आश्रमातली माणसेच लागली. गांधीजींनी खर्चाचा आकडा कमी केला होता. विनोबा जमेच्या बाजूचा दाताच पुसू पाहत होते.

९/ ८ मार्च १९५१ रोजी विनोबा पवनारहून पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी. पुढच्याच महिन्यात पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले. पवनारच्या शेताचा आणि रहाटाचा भार मागे राहिलेल्या सहकाऱ्यांवर आला.