मोहने : पायवाट आणि वाहनतळ

'वाहनतळ' हा शब्द मराठीत अलीकडचा असला, तरी त्यातील 'तळ' जुना आहे. संस्कृत 'तल' म्हणजे पृष्ठभाग किंवा बूड. मराठीत त्यास मुक्कामाचाही अर्थ प्राप्त झाला. फौजेचा तळ पडे आणि यथाकाल हलेही. हडपसरचे 'गाडीतळ' हे स्थलनाम याच अर्थाच्या कुळातले होय. तळ ही उतरण्याची जागा आहे, कायमच्या साठवणीची नव्हे. मोहन्याचा इतिहास पाहताना हा भेद उपयोगी पडतो.

लोहमार्ग १८५४ साली कल्याणास पोहोचला व पुढे कसाऱ्याकडे गेला. या मार्गावरील आंबिवली स्थानकाजवळ, मोहने येथे, नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन (स्थापना १९४६) या कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि त्यालगत कामगारांची वसाहत वसली. घर, कारखाना व स्थानक ही तिन्ही पायी गाठता येत. अशा रचनेत वाहन ठेवण्याचा प्रश्न सुटला होता असे म्हणण्यापेक्षा तो उद्भवलाच नव्हता, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. २००९ साली कारखाना बंद पडला. घरे जागच्या जागी राहिली, काम मात्र दूर गेले. वाहनाची गरज केवळ समृद्धीतून निर्माण होते असे नाही. घर आणि काम यांची ताटातूट हेही तिचे एक कारण असते.

या गरजेस शासनाने दिलेले उत्तर बांधकामाचे आहे. राज्याची २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली सदनिकेच्या आकारमानानुसार वाहनांसाठी किमान जागा ठरवून देते. परंतु बहुमजली वाहनतळही जीर्ण होतो. पावसाळ्यात वाहनांबरोबर आलेले पाणी भेगांतून झिरपते, आतील लोखंड गंजते, आणि दुरुस्तीचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडला म्हणजे पायी चालणाराही त्याचा वाटेकरी होतो. मेक्सिको शहराने २०१७ साली नव्या इमारतींसाठी असलेली किमान जागेची अट काढून कमाल मर्यादा घातली. रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत, हे तत्त्व भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही मान्य केलेले आहे.

तेव्हा मोहन्यासारख्या वस्तीत किती वाहने मावतील, हा प्रश्न दुय्यम ठरतो. स्थानकापर्यंतची पायवाट मोकळी राहील काय, हा पहिला प्रश्न होय. जो हलत नाही त्यास तळ म्हणता येत नाही. ते रस्त्यावरील अतिक्रमणच होय.