टिचकी, दार आणि बैलाचे दात

बिलोलीहून नांदेडला गाडी बघायला कोणी एकटा जात नाही. घेणारा एक असतो, बघणारे पाच. शोरूममध्ये शिरल्यावर त्या पाचांतला वडीलधारा पुढे होतो, बॉनेटवर टिचकी मारतो, दार उघडून सोडून देतो आणि कान देऊन ऐकतो. गेल्या दसऱ्याच्या आधी माझ्या मामांनी हेच केले. समोर नवे कोरे मॉडेल, वर दिव्यांचा झगझगाट, शेजारी चावी घेऊन उभा असलेला सेल्समन. मामांनी टिचकी मारली आणि म्हणाले, "डब्यावानी वाजलालाय की रे हे." खटला संपला होता. सेल्समनचा नमस्कारही अजून पुरा झाला नव्हता.

मामांना हसण्यासाठी मी लिहीत नाही. हे मत आमच्या भागात इतके मुरले आहे की त्याला आता मत कोणी म्हणत नाही, अक्कल म्हणतात. तेव्हा पूर्वपक्ष, म्हणजे समोरची बाजू, नीट मांडू. गाडी पाहताक्षणी कळते. पत्रा जाड, अंग भारी आणि दार 'धप्प' लागणारी असेल तर ती मजबूत. मजबूत म्हणून सुरक्षित. पत्रा पातळ, दार 'टण्ण' लागणारी असेल तर ती कागदाची. शिवाय आम्ही शेतकऱ्याची लेकरे. जनावर बघून घेणाऱ्या नजरेला यंत्र बघायला कागद कशाला लागतो? या शेवटच्या वाक्यात पूर्वपक्षाचे सगळे बळ आहे, म्हणून त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी कानाने दिलेली साक्ष. दाराचा 'धप्प' हा आवाज कारखान्यात जुळवलेला असतो. दाराच्या पोकळीत आतून डांबरी पट्ट्या चिकटवतात, कडेचे रबर मऊ घेतात, कुलपाच्या दातऱ्यावर प्लास्टिकचा थर देतात. आवाज हेच ज्यांचे काम, असे अभियंते मोठ्या कंपन्यांत असतात. ज्या आवाजावरून मामा गाडीची परीक्षा घेतात, तो आवाज मामांसाठीच तयार केलेला आहे. साक्षीदार फितूर आहे! आणि टिचकी ज्यावर मारतात, तो बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, महागड्या गाडीतही थोड्याफार फरकाने तेवढाच. धडकेचा भार तो पेलत नाही. भार पेलतात आतले खांब, दारातली आडवी दांडी आणि तळाच्या तुळया. तिथे तापवून दाबलेले पोलाद वापरतात. ते वाजवून बघायची सोय शोरूममध्ये नाही.

आता अनुमान. नैयायिकांचे, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्र्यांचे, उदाहरण प्रसिद्ध आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे आग आहे. हे टिकते, कारण आगीवाचून धूर कुठे सापडत नाही. तेच उलटे करून पाहा: आग आहे, म्हणजे धूर असलाच पाहिजे. हे कोसळते. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा आगीने भरलेला असतो, पण धूर नाही. धुराला ओले सरपण लागते. असल्या न बोललेल्या अटीला शास्त्रात 'उपाधी' म्हणतात आणि जो हेतू, म्हणजे पुरावा, कधी साध्याबरोबर, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याच्याबरोबर, चालतो, कधी त्याला सोडून भटकतो, त्याला 'सव्यभिचार'.

'भारी आहे म्हणून सुरक्षित' हा हेतू भटकतो का? मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या धडक-चाचणीचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटरने समोरून धडक. त्यात एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ होती, म्हणजे आमच्याकडे जिला पाहून लोक रस्ता सोडतात ती. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. उलट बाजूने पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला त्याच संस्थेने पाच तारे दिले. वजन सव्वानऊशे किलोच्या आसपास. म्हणजे तोच 'कागद'. याच नावाच्या आधीच्या पिढीला दोन तारे होते. भारी असून नापास, हलकी असून पास. आता कोणी म्हणेल, स्कॉर्पिओ नापास झाली ती एअरबॅग नव्हत्या म्हणून, वजनाचा काय दोष? क्षणभर तसे मानू. मग एअरबॅग नसल्याचे टिचकीत कसे ऐकू येणार होते?

इथली उपाधी म्हणजे सांगाडा कसा बांधला आहे ही. बेला बारेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याला १९५२ मध्ये एका कल्पनेचे पेटंट मिळाले: मधला भाग, जिथे माणसे बसतात, तो कणखर ठेवायचा, आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपणारा करायचा. १९५९ मध्ये त्या तत्त्वावरची गाडी बाजारात आली. कडब्याच्या गंजीवर पडलेले पोर उठून पळते, खळ्यावर पडलेले उठत नाही, यात जे आहे तेच इथे आहे. थांबायला जितका वेळ मिळतो, तितका मार कमी. म्हणून नाक्यावर उभी असलेली चेपलेली गाडी बघून "बंपरचा भुगा झाला, काय उपयोग" असे जे ऐकू येते, ते अगदी उलटे आहे. भुगा व्हावा म्हणूनच तो भाग तिथे आहे.

पूर्वपक्षाला एक गोष्ट मात्र द्यावी लागते. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर हलकीला जास्त सोसावे लागते. हे खरे आहे आणि झाकण्यात अर्थ नाही. पण बिलोलीच्या रस्त्यावर तुमच्या समोरून काय येते? मांजरेच्या वाळूने भरलेला हायवा. त्याच्यापुढे नऊशे किलो काय आणि सतराशे काय, तराजूचा काटा सारखाच हलतो. शिवाय भारी गाडीच्या आत माणूस सैल बसलेला असेल तर वजन त्याला वाचवत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मर्सिडीजमध्ये होते. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, ते दोघे दगावले; पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले. गाडी एकच, पत्रा एकच.

आमच्याकडे तर मागचा पट्टा लग्नाला निघालेल्या आठ माणसांच्या खाली कुठेतरी दबलेला असतो.

ताऱ्यांनाही मी वेदवाक्य मानत नाही. आप्तवाक्य, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे, प्रमाण खरे, पण आप्त कोण आणि त्याने कोणत्या नियमाने सांगितले, हे विचारावे लागते. स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये पाच तारे दिले; ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅनकॅपने पुढच्याच वर्षी त्याच गाडीला शून्य. तिथल्या नियमात गाडीने आपणहून ब्रेक लावणे वगैरे गोष्टींना मोठे वजन आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप सुरू झाली आहे, तिचे आकडे आपल्या विक्रीच्या गाड्यांचे आहेत, ते आधी बघावेत. तेही आपण घेणार त्याच मॉडेलचे. शोरूममध्ये चकाकते ते बहुधा टॉप मॉडेल आणि टोकन दिले जाते बेसला.

आता शेतकऱ्याची नजर. मामा लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर माळेगावच्या जत्रेला जात. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात भरते आणि जनावरांच्या बाजारासाठी लांबलांबचे लोक येतात. तिथे लाल कंधारी गोऱ्हा कसा घेत, हे मामांनीच मला कितीतरी वेळा सांगितले आहे. कातडीची चकाकी बघून कोणी पैसे काढत नसे. तेल लावून ती कोणालाही आणता येते. आधी जबडा उघडायचा. आदत की दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे बोट घालून मोजायचे. खूर उचलून बघायचा. मग चालवायचा, वळवायचा, जमले तर जुंपून बघायचा. विकणारा "दात कशाला बघता, अंग बघा" म्हणाला, की घेणारा पुढच्या दावणीला जाई. व्यापाऱ्याने जे सजवले त्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि झाकले ते उघडून बघायचे, असा तो रिवाज होता. टिचकी मारून निकाल देणाऱ्याने या नजरेचा वारसा सांगू नये. त्याने कातडी बघितली आहे.

हे सगळे मी मामांना शोरूममधल्या सोफ्यावर बसून सांगितले, एवढ्या शिस्तीने नाही, चहा निवेपर्यंत जमले तेवढे. दातांचे ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत. उठले, मागचे दार उघडले, या वेळी आवाज न ऐकता. सीटवरचे प्लास्टिक बाजूला सारून फटीत बोटे घातली आणि पट्ट्याचे एकेक बक्कल वर काढू लागले. दोन निघाले. तिसरे सापडेना. सेल्समनने बाही कोपरापर्यंत सरकवली आणि तोही त्यांच्या शेजारी वाकला.