तर्काची साक्ष आणि चिठ्ठीचा निवाडा

पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास बाईची पाळी जाते. तोपर्यंत हृदयविकार पुरुषांच्या मानाने तिच्या वाट्याला कमी येतो; पुढे मात्र तो वाढू लागतो. यावरून डॉक्टरांनी एक सरळ तर्क केला. पाळी जाते तेव्हा अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन आटते. मग ते बाहेरून दिले, तर हृदयाचे रक्षण होणार नाही काय? तर्क असा, की आपल्यालाही चटकन पटावा. त्याच तर्काचे पुढे काय झाले, ते आता पाहू.

१९४२ साली अमेरिकेत 'प्रिमॅरिन' ही गोळी विक्रीला आली. गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन ते हेच. अंगाची लाही होणे, रात्री दरदरून घाम सुटणे, अशा तक्रारींवर तिचा गुण खरोखरच येई. १९६६ साली डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी 'फेमिनिन फॉरेव्हर' हे पुस्तक लिहिले. पाळी जाणे हा निसर्गक्रम नसून रोगच आहे, असे त्यांचे म्हणणे. पुस्तक खपले, गोळ्याही खपल्या. पण १९७५ साली दिसून आले, की नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. तेव्हा जोडीला प्रोजेस्टिन देण्याची रीत पडली.

हृदयाचे काय? १९७६ साली अमेरिकेत १,२१,७०० परिचारिकांची पाहणी सुरू झाली होती. गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो, असे तिने १९८५ साली सांगितले. गंमत अशी, की वैद्यकीय नियतकालिकाच्या त्याच अंकात फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीने नेमके उलट सांगितले! लोकांचा विश्वास मात्र पहिलीवरच बसला. मनात होते तेच ती बोलत होती ना!

पण असे पहा, गोळ्या घेणाऱ्या बायका होत्या कोण? बहुधा शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी, वेळच्या वेळी डॉक्टरांकडे जाणाऱ्या. मग हृदय राखले ते गोळीने, की त्या राहणीने? हे ओळखायला एकच खरा उपाय. चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्यांना औषध द्यायचे, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी.

तसे झाले. १९९८ साली 'हर्स' या प्रयोगाचा निकाल लागला. हृदयविकार जडलेल्या २,७६३ बायकांना चारेक वर्षांत या गोळ्यांचा लाभ झाला नाही. पहिल्या वर्षी तर झटके अधिकच आले. मग १६,६०८ बायकांचा 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा मोठा प्रयोग जुलै २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. दोन्ही औषधे घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८ आणि स्तनाच्या कर्करोगाचे ८ रोगी जादा निघाले. कमरेजवळचे हाड मोडण्याचे प्रसंग मात्र ५ ने घटले.

झाले! जिकडे तिकडे भीती पसरली. जिला रात्रभर झोप नव्हती, अशा कित्येकींनीही गोळी टाकून दिली. वास्तविक त्या प्रयोगातल्या बायकांचे सरासरी वय होते ६३. पुढे आकडे वयवार लावून पाहिले, तेव्हा हृदयाचा धोका मुख्यतः उशिरा सुरू करणारींत दिसला. पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आतील बायकांत तसा तो दिसला नाही.

म्हणून आज डॉक्टर काय करतात? साठीच्या आतली बाई असेल, त्रास खरा असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर तपासून हे औषध देतात. केवळ हृदय राखण्यासाठी देत नाहीत. त्यासाठी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणे, रोज चालणे, तंबाखू आणि मशेरी सोडणे, हेच उपाय.

तेव्हा आपल्या घरातल्या आईला, बहिणीला अशी गोळी कोणी सुचवली, तर घाबरू नका आणि भुलूही नका. डॉक्टरांना एवढेच विचारा : ही गोळी कशासाठी, किती दिवस, आणि हिच्या वयाला ती मानवेल ना?