गाडीच्या कागदावरचं नाव

पुण्याहून लेकीचा फोन आला तेव्हा मी दुपारचं आवरून नुकतीच टेकले होते. "आई, गाडीचा विमा संपतोय. फोनवर सतरा कंपन्या दिसायला लागल्यात, प्रत्येकीचा आकडा वेगळा. कुठली घेऊ?"

मला तरी काय कळतंय त्यातलं! पण तो फोन ठेवून मी कपाट उघडलं आणि आप्पांची कागदांची पेटी बाहेर काढली. जुनी चोपडी, घराचा उतारा, आणि त्याखाली फियाटच्या विम्याचे सगळे कागद, दोऱ्याने बांधलेले. टाइपरायटरवर ठोकलेली अक्षरं, खाली शिक्का. आप्पांनी कंपनी कशी निवडली होती, ते मला पक्कं ठाऊक आहे. एका विमा कंपनीचे अधिकारी रोज सकाळी त्यांच्याबरोबर मंदिरात असायचे. अभिषेक झाला, गंध लागलं, बाहेर चप्पल घालता घालता विम्याचं बोलणं झालं. संपला विषय.

हसू नका. आप्पा काही आळशी नव्हते. त्या काळी निवडायला खरंच काही नव्हतं.

विमा आपल्या व्यापारी घरांना नवा नाही, हे आधी सांगते. आपल्या चोपड्यांत हुंडीचे जे प्रकार असायचे, त्यांत एक होती जोखमी हुंडी. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. वाटेत जहाज बुडालं, माल लुटला गेला, तर नुकसान हुंडी घेणाऱ्याचं. म्हणजे धोका आपला आणि माल आपला, असा तो हिशेब होता. मोटारीच्या विम्याची गोष्ट मात्र उलट्या बाजूने सुरू होते. तिथे कायद्याने पहिला विचार केला तो रस्त्याने चालणाऱ्या परक्या माणसाचा. गाडीमालक नंतर आला.

इंग्लंडमध्ये मोटारी वाढल्या, माणसं चिरडली जाऊ लागली. कोर्टात खटला जिंकूनही विधवेच्या हाती काही लागेना, कारण गाडीवाल्याकडे द्यायला पैसेच नसत. म्हणून १९३० च्या कायद्याने तिथे 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा केला. पहिला पक्ष आपण, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरा तो बिचारा रस्त्यावरचा. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. पण त्यातलं विम्याचं प्रकरण लगेच लागू झालं नाही. मध्ये युद्ध गेलं, आणि १ जुलै १९४६ पासून विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा ठरला. पुढे १९८८ चा नवा कायदा आला. मृत्यू किंवा दुखापतीसाठी कंपनीने किती द्यायचं याला आधी जी रकमेची मर्यादा होती, ती त्याने काढून टाकली. म्हणजे कोर्ट जेवढं ठरवेल तेवढं कंपनीने भरायचं.

आता कंपन्यांचं. १९७३ च्या १ जानेवारीला देशातल्या एकशे सात सामान्य विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यांच्या चार झाल्या: कोलकात्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल, चेन्नईची युनायटेड इंडिया. न्यू इंडिया मूळची दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये काढलेली. चार नावं असली तरी मोटारीच्या विम्याचा दर एकच, कारण तो ठरवायची टॅरिफ समिती. एक रुपया कमी घ्यायची कुणाला मुभा नाही, आणि पॉलिसीतली वाक्यंसुद्धा तीच. मग आप्पांनी मंदिरातला ओळखीचा माणूस निवडला, यात चुकलं काय?

त्या टॅरिफच्या पुस्तकातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यात देशाचे दोन भाग पाडले होते. 'अ' विभागात अहमदाबाद, बेंगळूरु, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. बाकी सगळा देश 'ब'. आपलं बेळगाव अर्थातच 'ब' मध्ये, दर थोडा कमी. पण विभाग ठरायचा तो गाडी कुठे चालते यावर नाही, नोंदणी कुठल्या कार्यालयात झाली यावर! म्हणजे केए-२२ ची गाडी रोज पुण्याच्या गर्दीत धक्के खात असली तरी कागदावर ती तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ निवांत उभी. (वर्षाच्या आत नंबर बदलून घ्यावा लागतो, ते वेगळं. लेकीला मी दोनदा सांगून झालंय.)

खासगी कंपन्यांना दार उघडलं ते १९९९ च्या कायद्याने. २००० मध्ये पहिले परवाने मिळाले. तरी दर बांधलेलेच राहिले, कारण टॅरिफ उठलं ते १ जानेवारी २००७ ला. त्या दिवसापासून आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा दर कंपनीने आपला आपण ठरवायचा. थर्ड पार्टीचा दर मात्र वरूनच येतो. उदाहरणार्थ, जून २०२२ पासून हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीला वर्षाचे ३,४१६ रुपये ठरले. कंपनी कुठलीही असो, गाव कुठलंही असो.

म्हणून आमचा एजंट म्हणतो, "वहिनी, थर्ड पार्टीत काय निवडतासा? सगळीकडं एकच की." बरोबर आहे त्याचं. निवड आहे ती उरलेल्या भागात, आणि तिथेच आपण फसतो.

मी स्वतः फसलेय. काही वर्षांपूर्वी सगळ्यांत कमी हप्ता बघून एका कंपनीचा 'फुल इन्शुरन्स' घेतला. काँग्रेस रोडवर मागून टेम्पोने ठोकलं, डिकी आत गेली, बंपर तुटला. तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, त्या कंपनीचं कॅशलेस गॅरेज बेळगावात नव्हतंच. आधी पदरचे पैसे भरा, मग कागद पाठवा. दुसरी, प्लास्टिकच्या भागांना निम्मी घट धरतात. रबर, नायलॉन, प्लास्टिक, बॅटरी, सगळ्याला पन्नास टक्के. काचेला घट नाही. आणि हल्लीच्या गाडीत प्लास्टिकच जास्त! ही घट नको असेल तर 'झिरो डेप'चे पैसे वेगळे भरायचे. शिवाय हप्ता कमी का होता, तेही मग ध्यानात आलं: त्यांनी गाडीची किंमतच कमी धरली होती. कागदावर त्याला 'आयडीव्ही' म्हणतात. गाडी चोरीला गेली असती तर तेवढेच हाती आले असते.

पण हे सगळं पैशापुरतं. आमच्या समाजातल्या एका काकूंचं जे झालं, ते मला अजून टोचतं.

काकांचा हार्ट अटॅकने अंत झाला. गाडी त्यांच्या नावावर, विमाही त्यांच्याच नावावर, आणि मुदत आठ महिने बाकी. घरात कुणाला गाडीकडे बघवेना. ती झाकून ठेवलेली. पाचव्या महिन्यात मुलाने बाहेर काढली आणि खानापूर रस्त्याला झाडावर गेली. मुलगा वाचला, देवाची कृपा. गाडीचा मात्र पार चेंदामेंदा. काकू निश्चिंत होत्या, विमा होता ना! कंपनीने नाकारलं. मालक वारल्यावर पॉलिसी तीन महिने चालते, किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी होईल ते. तेवढ्यात वारसाने गाडी आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. काकूंनी सुतक पाळलं, दिवस केले, बँकेचं नाव बदललं, घराचं बदललं. गाडीचं कुणी सांगितलंच नाही.

त्या म्हणाल्या, "दुसरी कंपनी असती तर दिले असते काय गं?" मी विचारून पाहिलं. नसते दिले. कारण हे वाक्य त्या जुन्या टॅरिफच्या पुस्तकातलं आहे आणि टॅरिफ उठल्यावरही कंपन्यांनी पॉलिसीची मूळ वाक्यं तीच ठेवली. काकांनी वर्षानुवर्षं एकही दावा केला नव्हता, त्यांचा 'नो क्लेम बोनस' पन्नास टक्क्यांवर गेलेला. तोही काकूंच्या नावावर लागला असता. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, आणि मालकामागे गाडी ज्या वारसाकडे जाते त्याला मिळतो.

संध्याकाळी लेकीला परत फोन लावला. म्हटलं, आधी सगळ्यांची आयडीव्ही सारखी करून मग हप्ता बघ. तू जिथे गाडी दुरुस्तीला टाकतेस त्या गॅरेजवाल्याला विचार, कुठली कंपनी पैसे वेळेवर देते. त्याच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही. आणि जाहिरातीत दाव्यांची टक्केवारी मोठी दिसली म्हणून भुलू नकोस. बऱ्याचदा ती गोळा झालेल्या हप्त्यांशी दाव्यांच्या खर्चाची तुलना असते. शंभरातल्या किती जणींना पैसे मिळाले, ते त्यातून कळत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुमची गाडी कुणाच्या नावावर आहे गं?"

"माझ्या. तुझ्या बाबांनीच हौसेनं घेतलीय माझ्या नावावर."

"आणि लायसन्स?"

मी गप्प. माझ्याकडे लायसन्स नाही. पॉलिसीत मालक-चालकासाठी अपघाताचं जे संरक्षण असतं, २०१८ मध्ये पंधरा लाखांचं झालेलं, ते मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच मिळतं. आणि ते मालकालाच मिळतं. रोज गाडी चालवणारे हे, त्यांचं त्यात नावच नाही. म्हणजे उद्या काही झालं असतं तर... नको, तोंडातून वाईट काढू नये.

एजंटाला रात्रीच फोन केला. ह्यांच्यासाठी अपघात विमा वेगळा घेता येतो म्हणाला, फॉर्म घेऊन उद्या येतो. मग जरा थांबून, "वहिनी, एवढी वर्षं झाली, कुणी विचारलंच न्हाई बघा."