झडप बदलली, मग पंपिंग कमी का दिसतं?

हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे मायट्रल झडप असते. आपल्याकडे ती खराब होण्याचं जुनं कारण म्हणजे लहानपणी घसा दुखून नंतर येणारा संधिवाताचा ताप. ऑपरेशन करून झडप बदलली की घरच्यांचं लक्ष इको रिपोर्टमधल्या ‘ईएफ’वर, म्हणजे पंपिंगच्या आकड्यावर असतं. आधी ६० असलेला आकडा नंतर ५० झाला की घरात घबराट. ऑपरेशन बिघडलं का?

दरवेळी तसं नसतं. झडप गळत असताना खालच्या कप्प्यातलं काही रक्त पुढे महाधमनीत जातं आणि काही उलटं वरच्या कप्प्यात. उलट्या वाटेला दाब कमी, म्हणून काम सोपं. ईएफमध्ये दोन्हीकडचं रक्त मोजलं जातं, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. नवी झडप मागची वाट बंद करते. आता सगळं रक्त पुढेच ढकलायचं, आणि थकलेल्या स्नायूची खरी ताकद तेव्हा कळते. म्हणूनच गळती मोठी असेल तर ईएफ ६० च्या खाली घसरण्याची वाट बघू नये. ‘अम्मी चालती-फिरती आहे, पुढच्या वर्षी बघू’ यातच नुकसान होतं, असं आम्हाला वाटतं.

झडप अरुंद झालेली असेल तर खालचा कप्पा सहसा बरा असतो. तिथे दम लागणं लवकर कमी होतं, पण फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब उतरायला महिने लागू शकतात. ठोके अनियमित असतील तर ते तसेच राहू शकतात.

झडप यांत्रिक असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. मायट्रलसाठी आयएनआर सहसा २.५ ते ३.५ ठेवतात. पालेभाजी बंद करायची नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. गोळी चालू असताना हिजामा करू नका, दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. गोळीची वेळ इफ्तारनंतर नेता येईल का, लघवीच्या गोळीचं काय, रोजे झेपतील का, हे तेच ठरवतील. जैविक झडप गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीची असते. कुठली बसवणार हे ऑपरेशनआधीच सर्जनना विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

संधिवाताच्या तापासाठी पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू असतील तर झडप बदलली म्हणून ती आपणहून थांबवू नयेत. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांना झडपेबद्दल आधी सांगा.

अचानक धाप लागली, पाय सुजले, ताप हटत नसेल, बोलणं अडखळलं किंवा झडपेची टिकटिक मंदावली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.