दातांची जुळणी व चावण्यातील दोष (खानदेश)

तोंड मिटल्यावर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर ज्या रीतीने बसतात, तिला दातांची जुळणी म्हणतात. घास चावणे, गिळणे, स्पष्ट बोलणे, चेहऱ्याची ठेवण आणि कानापुढच्या जबड्याच्या सांध्याचे आरोग्य यांचा या जुळणीशी संबंध असतो. प्रस्तुत नोंदीत जुळणीचे सामान्य नियम सांगून जळगाव व धुळे जिल्ह्यांतील राहणीच्या अंगाने तिच्यातील दोषांचा विचार केला आहे.

रचना : वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला असतो, हलतो तो खालचा. जात्याच्या हे नेमके उलट आहे, तिथे खालचा दगड स्थिर आणि वरचा फिरता. वरच्या दातांची कमान किंचित मोठी असल्याने वरचे दात खालच्यांना बाहेरून झाकतात. समोरून पाहिल्यास वरच्या पटाशीच्या दातांनी खालच्या दातांचा साधारण एक-तृतीयांश भाग झाकलेला दिसावा आणि दोहोंमधील आडवे अंतर दोन-तीन मिलिमीटर असावे. मागे वरच्या दाढांचे आतले उंचवटे खालच्या दाढांच्या खळग्यांत बसतात. खालचे मधले दोन पटाशीचे दात आणि वरच्या शेवटच्या दाढा वगळता प्रत्येक दाताची गाठ समोरच्या दोन दातांशी पडते. त्यामुळे एक दात गेला तरी त्याचा परिणाम त्या जागेपुरता राहत नाही. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात आधार सुटल्याने लांबत येतो आणि पाच-दहा वर्षांत त्या बाजूची सगळी बैठक बदललेली असते.

दिवसातला बहुतेक वेळ दात एकमेकांना टेकलेले नसतात. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर फट असते. दात भिडतात ते मुख्यतः घास चावताना आणि गिळताना. झोपेत दात खाणाऱ्यांच्या दाढा म्हणूनच लवकर झिजतात. मूल दात खाते म्हणजे त्याला जंत झाले, ही समजूत घरोघरी आहे. जंताचे औषध देण्यात गैर काही नाही, पण दात खाण्याचे कारण बहुधा जंतांत सापडत नाही.

सहा वर्षांची दाढ : बाळाला पहिला दात साधारण सहाव्या ते आठव्या महिन्यात, बहुधा खाली येतो. वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातात असे मानतात. या क्रमाचा पुढच्या जुळणीवर काही परिणाम होत नाही आणि मामावरही नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत दुधाचे वीस दात पुरे होतात. त्यांच्यात फटी असणे हे चांगले लक्षण, कारण पुढे येणारे पटाशीचे दात व सुळे आकाराने मोठे असतात.

सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून तिच्या येण्याची घरात कुणालाच खबर नसते. पुढचा दात पडला की तो उंदराच्या बिळाशी टाकण्याचा सोहळा होतो. ही दाढ मात्र निमूटपणे येते आणि दुधाचीच समजली जाते. तिला कीड लागली तर ‘पडणारच आहे, नवी येईल’ असे म्हणून दुर्लक्ष होते. नवी येत नाही. बाराव्या-चौदाव्या वर्षी दाढ काढण्याची वेळ येते आणि त्याच वयात बाकीच्या जुळणीचा पाया घातला जात असतो. खानदेशात दिसणाऱ्या चावण्याच्या दोषांचा विचार या दाढेपासूनच सुरू व्हायला हवा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

तिच्यापुढच्या दुधाच्या दाढांचेही तसेच. दुधाची दुसरी दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षी पडणे अपेक्षित असते. तोवर ती खाली तयार होणाऱ्या उपदाढेची जागा राखून ठेवते. ती सातव्या-आठव्या वर्षीच काढावी लागली तर मागची सहा वर्षांची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेला जागा उरत नाही. वरच्या जबड्यात सुळा बहुतेक दातांच्या नंतर, अकराव्या-बाराव्या वर्षी येतो. तोवर जागा संपलेली असली की तो हिरडीत वर, बाहेरच्या अंगाला डोके काढतो. वर चढलेल्या अशा सुळ्याला ‘दातावर दात आला’ म्हणतात, आणि काही घरांत तो भाग्याचाही मानतात. दुधाची दाढ काढल्यावर तारेचे छोटे कडे बसवून जागा राखता येते. पुढे दोन वर्षे तारा लावण्याच्या मानाने हा खर्च फारच थोडा.

वर्गीकरण : अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये जुळणीच्या दोषांचे वर्गीकरण सहा वर्षांच्या याच दाढेवर बेतले. वरच्या पहिल्या दाढेचा पुढचा-बाहेरचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरील खाचेत बसावा, ही त्यांची खूण. दाढा अशा बसूनही पुढचे दात दाटीने वेडेवाकडे असतील तर तो पहिला वर्ग. खालची दाढ खाचेच्या हिशेबाने मागे राहिली तर दुसरा. त्यात एका प्रकारात वरचे पुढचे दात बाहेर झुकतात, दुसऱ्यात ते आत वळून खालच्यांना जवळजवळ पूर्ण झाकतात. खालची दाढ पुढे गेली तर तिसरा. यात पुष्कळदा हनुवटी पुढे येते आणि खालचे दात वरच्यांच्या बाहेर बसतात. ही पद्धत केवळ पुढचे-मागचे नाते मोजते, उंची आणि रुंदी मोजत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही सव्वाशे वर्षांनंतर दवाखान्यात तीच चालते. १९७२ मध्ये लॉरेन्स अँड्र्यूज यांनी उपचाराविना उत्तम जुळलेल्या १२० जणांच्या दातांचे साचे अभ्यासून चांगल्या जुळणीच्या सहा खुणा मांडल्या. आजच्या बहुतेक ब्रेसेसची घडण त्यांवरून ठरते.

वर्गांत न मावणारे दोषही आहेत. मागचे दात भिडूनही पुढे फट राहणे हा त्यांपैकी एक; असे मूल शेव किंवा पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडू शकत नाही. वरची कमान अरुंद असल्याने एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसणे हा दुसरा. त्यात खालचा जबडा एका अंगाला सरकवूनच तोंड मिटावे लागते. जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलांत शस्त्रक्रियेनंतर वरचा जबडा पुरेसा न वाढल्याने हा दोष नेहमी आढळतो.

कारणे : जबड्यांची घडण पुष्कळशी आनुवंशिक असते, तिसरा वर्ग एकेका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. सवयींचा वाटाही मोठा. चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखणे सुटले नाही, गिळताना जीभ दातांमध्ये येत असली किंवा नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे मूल तोंडाने श्वास घेत असले, तर वरचे दात पुढे येतात आणि कमान अरुंद होते. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, तारांचा विचार नंतर.

आहाराचा प्रश्न वादाचा असला तरी या प्रदेशापुरता रंजक आहे. ऑस्ट्रेलियातील पी. आर. बेग यांनी १९५४ मध्ये तिथल्या आदिवासींच्या झिजलेल्या दातांवरून असे प्रतिपादन केले, की भरड अन्नामुळे होणारी झीज ही माणसाच्या दातांची स्वाभाविक अवस्था आहे. रॉबर्ट कोरुचिनी व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये चंडीगड शहर आणि पंजाबातील खेडी यांची तुलना केली, तेव्हा शहरी तरुणांत जुळणीचे दोष अधिक आढळले. कोरुचिनी यांनी त्याचा संबंध मऊ अन्नाशी जोडला. वाढत्या वयात जबड्याला काम कमी पडले की हाड पुरते वाढत नाही, मात्र दातांचा आकार तोच राहतो आणि दाटी होते, असा हा तर्क. अशा जुन्या दातांचा अभ्यास महाराष्ट्रातही झाला आहे; जॉन लुकॅक्स आणि सु. रा. वाळिंबे यांनी पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन सांगाड्यांचा व त्यांच्या दातांचा सविस्तर अभ्यास केला. त्याच युगातील दफने खानदेशातही, गिरणाकाठी बहाळसमोरच्या टेकवाडे येथे सापडली आहेत.

खानदेशाचे जुने खाणे चावायला लावणारे होते. ज्वारी-बाजरीची आणि कळण्याची भाकरी, हिवाळ्यातला हुरडा, हरभरे, ऊस, बोरे. जात्यावरच्या पिठात दगडाची कच यायची, जात्याला टाकी लावल्यावर तर अधिकच. तीही दाढा घासून काढी. आता मुलांच्या सकाळी चहा-बिस्किटाने उजाडतात. रावेर-यावलची केळी चांगलीच, पण ती दात नसलेल्यालाही खाता येतात. तरी भाकरी परत आणल्याने वाकडे दात सरळ होतील असे कुणी समजू नये. बिस्किटाचा सिद्ध झालेला दोष कीड हा आहे, आणि किडीचा धागा पुन्हा सहा वर्षांच्या दाढेपर्यंतच जातो.

मोठ्यांत आणखी एक अडचण आहे. सुपारी व गुटखा यांमुळे गालाच्या आतील आवरणाखाली ताठ पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटे उभी मावतात. विकार बळावलेल्या रुग्णांत एक बोटही जात नाही. हा मुळात जुळणीचा दोष नव्हे, तो कर्करोगपूर्व विकार आहे. पण अशा तोंडात दाढ भरणे, कवळीचे माप घेणे किंवा तारा लावणे जवळजवळ अशक्य होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. साध्या सुपारीवर नाही.

उपचार : सातव्या-आठव्या वर्षी एकदा तपासणी करून घ्यावी. या वयात वरच्या पुढच्या दातांत पडलेली फट पाहून पालक घाबरतात; सुळे आले की ती पुष्कळदा आपोआप मिटते. खालचा जबडा मागे असेल तर दहा ते तेरा या वाढीच्या काळात ‘ट्विन ब्लॉक’सारखी काढघाल करता येणारी साधने उपयोगी पडतात, स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांनी ती १९७७ मध्ये तयार केली. वरचा जबडा मागे असेल तर त्याहूनही लवकर उपचार करावे लागतात. वाढ संपल्यावर जबड्यांतील मोठा फरक केवळ तारांनी जात नाही, शस्त्रक्रिया लागते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ कुटुंबांना, विशेषतः मुलींच्या बाबतीत, दातांची आठवण स्थळे पाहायला लागल्यावर होते. पाहण्याच्या कार्यक्रमाआधी सहा महिन्यांत दात आत घेऊन द्या, ही मागणी मग पुरी होत नाही. सामान्य प्रकरणालाही दीड-दोन वर्षे आणि महिन्या-दीड महिन्याला एक खेप लागते. तारा काढल्यावर दात जागेवर ठेवणारी पट्टी वापरली नाही तर ते पूर्वस्थितीकडे सरकू लागतात.

धुळ्यात साक्री रस्त्यावर जवाहर मेडिकल फाउंडेशनचे अण्णासाहेब चुडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालय आहे. शाळा व अंगणवाडीतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू आणि दातांचे विकार दोन्ही आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून दर महिन्याला शहरात येणे मजुरी बुडवल्याशिवाय होत नाही. अशा मुलांसाठी पहिलीच्या वर्गातच सहा वर्षांच्या दाढेच्या खाचा सीलंटने, म्हणजे कीड रोखणाऱ्या लेपाने, बुजवणे हा, एका खेपेत होणारा, सर्वांत व्यवहार्य उपाय आहे.