कलाविचार व कलासमीक्षा, आधुनिक मराठी

चित्र, शिल्प इ. दृश्य कलांचे स्वरूप, प्रयोजन व मूल्य यांविषयी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठीत झालेले चिंतन आणि प्रत्यक्ष कलाकृतींचे परीक्षण, या दोहोंचा येथे विचार केला आहे. या दोन अंगांची वाढ सारखी झाली नाही. सौंदर्यशास्त्रीय विवेचनाने मराठीत लक्षणीय उंची गाठली. एखाद्या विशिष्ट चित्रासमोर उभे राहून त्याचे रेषा, रंग व रचना यांच्या अनुरोधाने केलेले लेखन मात्र विरळच राहिले. या विषमतेची कारणे बऱ्याच अंशी मराठी कलाविचाराच्या इतिहासातच सापडतात.

संस्कृत साहित्यशास्त्राचा वारसा मराठीला मिळाला, तो प्रामुख्याने काव्य व नाट्य यांच्या संदर्भात. विष्णुधर्मोत्तरपुराणातील ‘चित्रसूत्र’ किंवा कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत आलेली चित्राची षडंगे यांचा परिचय विद्वानांना झाला, तोही बव्हंशी विसाव्या शतकात. गवंडी, पाथरवट, चितारी यांचे ज्ञान मौखिक होते; त्याची परिभाषा ग्रंथांत आली नाही. अशा स्थितीत १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तेथे वास्तवाच्या यथातथ्य रेखाटनाला महत्त्व असल्याने ‘हुबेहूब’ हाच पुढे दीर्घकाळ सर्वसामान्य मराठी प्रेक्षकाचा निकष ठरला. मात्र याच शाळेच्या विद्यार्थ्यांकडून जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि त्यामुळे एका वेगळ्या चित्रपरंपरेचे भानही तेथेच उत्पन्न झाले.

पहिला महत्त्वाचा वाद उद्‌भवला तो राजा रविवर्मा यांच्या चित्रांवरून. आनंद कुमारस्वामी व भगिनी निवेदिता यांनी त्यांवर कठोर टीका केली. पाश्चात्त्य तंत्राने रंगविलेली देवदेवता भारतीय ठरू शकत नाहीत, असा तिचा आशय होता. बंगालमधील पुनरुज्जीवनवादी चळवळीला मुंबईत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी दिलेले उत्तर असे, की प्रत्यक्ष मानवाकृतीचा अभ्यास आणि भारतीय अलंकरण यांचा मेळ घालता येतो. १९२४ च्या वेंब्ली येथील प्रदर्शनात मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सजविलेले दालन हे या मताचे प्रात्यक्षिक होते. वाद गाजला; पण तो मुख्यतः इंग्रजीत चालला. या काळाचे मराठीतील मौलिक साधन म्हणजे म. वि. धुरंधर यांचे कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे (१९४०) हे आत्मवृत्त. त्यात सिद्धांत नाहीत. परंतु चित्रशाळेतील दैनंदिन व्यवहाराची जी माहिती मिळते, ती अनेक सैद्धांतिक ग्रंथांपेक्षा उपयुक्त आहे.

मुंबईबाहेर चित्रे पाहण्याची सोय जवळजवळ नव्हती. याला ठळक अपवाद सातारा-सांगली भागाचा होय. आजच्या सांगली जिल्ह्यातील कडेगावच्या उत्तरेस औंध आणि दक्षिणेस किर्लोस्करवाडी ही दोन गावे आहेत. औंध ही एका लहान संस्थानाची राजधानी होती आणि १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडीही त्याच संस्थानाच्या हद्दीत होती. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी चित्ररामायण सिद्ध केले, वेरूळ व अजिंठा यांवर पुस्तके लिहिली आणि १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर आपले संग्रहालय खुले केले. रविवर्म्यांची ‘सैरंध्री’, धुरंधरांची चित्रे, लघुचित्रे, बंगाल शैलीची चित्रे, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती आणि हेन्‍री मुर यांचे ‘माता व बालक’ हे पाषाणशिल्प अशा परस्परविरोधी गोष्टी तेथे एका छताखाली आल्या. समीक्षकांनी ज्या शैली एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या होत्या, त्या या संग्राहकाने शेजारी-शेजारी मांडल्या. या संग्रहात एकसूत्री दृष्टी नाही, असा आक्षेप घेता येईल. पण तुलना करण्याची संधी ग्रामीण भागातील माणसाला त्यामुळेच मिळाली.

औंधला स्थायिक झालेले वेदाभ्यासक श्री. दा. सातवळेकर (१८६७–१९६८) हेही मूळचे चित्रकार. त्यांच्याकडे लाहोर येथे चित्रकलेचे धडे घेतलेले शं. वा. किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून मासिक सुरू केले. कारखान्याच्या वार्तापत्रातून वाढलेल्या या मासिकाने मुखपृष्ठे, व्यंगचित्रे व सजावट यांच्या द्वारा चित्र ही वस्तू मध्यमवर्गीय घरांत नेऊन पोहोचविली. तथापि मासिकातील चित्र मजकुराच्या सेवेसाठी असते. त्यामुळे चित्रात ‘काय दाखविले आहे’ हाच प्रश्न वाचक विचारू लागला. ‘ते कसे बांधले आहे’ हा प्रश्न मागेच राहिला.

नेमका हाच प्रश्न बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांनी केंद्रस्थानी आणला. मर्ढेकरांचे घराणे सातारा जिल्ह्यातील मर्ढे गावचे. वाङ्‌मयीन महात्मता (१९४१) व सौंदर्य आणि साहित्य (१९५५) या ग्रंथांतून त्यांनी असे प्रतिपादन केले, की कलाकृतीचे सौंदर्य तिच्या विषयात, बोधात वा भावनोद्दीपनात नसून तिच्या घटकांच्या लयबद्ध संघटनेत असते. संवाद, विरोध व समतोल ही या लयीची तीन तत्त्वे होत. चित्राचे माध्यम रंग-रेषांच्या संवेदना, संगीताचे स्वर आणि साहित्याचे शब्दांचा भावनात्मक अर्थ, अशी त्यांची मांडणी आहे. क्लाइव्ह बेल व रॉजर फ्राय यांच्या विचारांशी तिचे साम्य उघड असले, तरी तिची तार्किक बांधणी मर्ढेकरांची स्वतःची आहे. चित्र पाहण्यास उपयोगी पडेल असे हे मराठीतील पहिले समर्थ उपकरण म्हणता येईल. पण त्याचा वापर झाला तो बहुधा कविता व कादंबरी यांवर. मर्ढेकरांचे अनुयायी व प्रतिपक्षी दोघेही साहित्यिक होते; त्यामुळे वाद साहित्याच्या अंगणातच रंगला.

त्यानंतरची सैद्धांतिक परंपरा समृद्ध आहे. सुरेंद्र बारलिंगे यांचे सौंदर्याचे व्याकरण (१९५७), नरहर कुरुंदकरांचे रूपवेध (१९६३) आणि प्रभाकर पाध्ये यांचे सौंदर्यानुभव (१९७९) यांत मर्ढेकरी भूमिकेची निरनिराळ्या बाजूंनी तपासणी झाली. सर्वांत व्यवस्थाबद्ध ग्रंथ रा. भा. पाटणकरांचा सौंदर्यमीमांसा (१९७४) हा होय. सौंदर्य ही एकसत्त्व संकल्पना नसून लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये ती वावरते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. कांट व व्हिट्‌गेनश्टाइन यांच्या अभ्यासातून आलेले हे विवेचन इतर भारतीय भाषांतही क्वचितच आढळेल. परंतु तत्त्वज्ञाची उदाहरणे प्रमेयासाठी असतात, चित्रासाठी नव्हेत.

दरम्यान १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. गोमंतकीय सूझा, पंढरपूरला जन्मलेले हुसेन, तसेच रझा, आरा, गाडे व बाकरे हे तिचे आरंभीचे सदस्य. या नव्या चित्रांचा कैवार प्रथम घेतला तो रूडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आदी मध्य युरोपातून आलेल्या जाणकारांनी, आणि तोही इंग्रजी वृत्तपत्रांच्या वर्तुळातून. मराठी वृत्तपत्रांत ही जागा बराच काळ रिकामी होती. पुढे ज्ञानेश्वर नाडकर्णी, बाबुराव सडवेलकर, संभाजी कदम यांच्या लेखनाने ती काही प्रमाणात भरून निघाली. यांपैकी सडवेलकर व कदम हे स्वतः चित्रकार, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

चित्रकार व नेपथ्यकार द. ग. गोडसे (१९१४–९२) यांनी वेगळी वाट काढली. पोत (१९६३), शक्तिसौष्ठव (१९७२) व गतिमानी (१९७६) या ग्रंथांत त्यांनी शिल्प, वास्तू, वेशभूषा, काव्य व इतिहास यांतून प्रकटणाऱ्या प्रादेशिक जीवनाच्या विणीचा शोध घेतला. त्यांची काही अनुमाने कल्पनेच्या भरारीवर उभी आहेत; पण त्यांचे डोळे चित्रकाराचे आहेत, आणि वस्तू निरखून मग विधान करण्याची त्यांची रीत मराठीला नवी होती. अशा दृष्टीस पडावयास हवी होती अशी एक वस्तू म्हणजे कडेगावचे मोहरमचे ताबूत. बांबू व रंगीत कागद यांचे हे गगनचुंबी मनोरे हिंदू व मुसलमान मिळून उभारतात. त्यांत समतोल आहे, लयही आहे. पण ते सणापुरतेच उभे असतात, त्यांना एक कर्ता नाही आणि ते पूजेसाठी असतात. ‘ललित’ कला व ‘कारागिरी’ हा कलाशाळेने रुजविलेला भेद मराठी सौंदर्यशास्त्राने फारसा तपासला नाही. परिणामी असे रचनाकौशल्य वृत्तांताचा विषय झाले, समीक्षेचा झाले नाही.

प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांचा कोरा कॅनव्हास (१९९०) हा चित्रनिर्मितीच्या प्रक्रियेचा आतून घेतलेला शोध आहे. वस्तू, तिचा आकार व अवकाश यांचे नाते येथे चित्रकाराच्या अनुभवातून, पण परिभाषेच्या ओझ्याविना मांडले आहे. शिल्पकार चरित्रकोशाच्या दृश्यकला खंडाने (२०१३) महाराष्ट्रातील चित्रकार-शिल्पकारांची चरित्रविषयक माहिती एकत्र आणली. समीक्षेला लागणारी ही पायाभूत सामग्री सौंदर्यमीमांसेनंतर सुमारे चार दशकांनी उपलब्ध झाली.